पिल्लांची भाकरी

कफ्र नूह गावात इन्शिराहच्या गच्चीवर कोंबडीची ऐंशी पिल्लं भाकरीवर वाढत होती, आणि याचा तिला कोण तोरा होता! सरकारी भट्टीतली स्वस्त भाकरी, माणशी रोज पाच. घरात माणसं तीन, पण रेशनकार्डावर नावं सहा. तिघे दीर केव्हाच परदेशी कामाला गेले होते. त्यांच्या वाटच्या पंधरा भाकऱ्या मात्र इन्शिराह रोज सकाळी न चुकता आणी, गच्चीवर वाळवी आणि पाण्यात कुस्करून पिल्लांपुढे ठेवी. वाचकहो, नाक मुरडण्याची घाई करू नका. गल्लीतल्या निम्म्या बायका हेच करत होत्या. रस्त्यात भाकरीचा तुकडा पडलेला दिसला तर उचलून ओठांना लावणारी ही माणसं. पण भरलं टोपलं पिल्लांपुढे ओतताना कुणाचा हात अडखळत नसे.

गल्लीच्या टोकाला दसूकीची भातगिरणी होती; कसबी माणूस म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणत. म्हातारा तिला जाता-येता टोके.

"पोरी, माझ्याकडचा कोंडा ने. ढीग पडतो रोज, कालव्याकाठी टाकून देतो मी."

"कोंडा गाढवाला घालतात, उस्ता. माझी पिल्लं गाढवं दिसतात का तुम्हाला?"

"गाढवं नाहीत, पण पाय बघ त्यांचे, कसे फेंगडे पडतायत. नुसत्या भाकरीनं पोट भरतं, हाड भरत नाही."

"म्हणजे तुमचा कचरा माझ्या गळ्यात," असं म्हणून ती हसत पुढे जाई.

शेजारी सकीना राहायची. तिचा नवरा बयूमी वर्षभर अंथरुणाला खिळलेला होता. याच बयूमीनं गावच्या भट्टीत चाळीस वर्षं पीठ मळलं होतं. दोन महिन्यांपूर्वी भट्टीवरच्या यंत्रानं त्यांचं कार्ड नाकारलं, अर्ज कचेरीत पडून राहिला. सकीना रोज रांगेच्या शेवटी उभी राही, काही उरलं तर मागून घ्यावं म्हणून. उरत काहीच नसे. पुढच्या टोपल्या भरलेल्या असत, आणि त्यांतली एक इन्शिराहची असे.

एका दुपारी इन्शिराह गच्चीवर आली आणि पाहते तर सकीना पिल्लांच्या परातीजवळ बसलेली. दोन गच्च्यांमधली बुटकी भिंत ओलांडून ती आली होती. हातात वाडगा, वाडग्यात भिजलेले तुकडे.

"चोरी?" इन्शिराह कडाडली. "खाला, माझ्या पिल्लांच्या तोंडचं चोरतेस? किती दिवस चाललंय हे? गल्लीला कळू दे तुझी करणी!"

गल्लीला कळलंच. बायका खिडक्यांत आल्या, उस्ता दसूकी गिरणीतून धापा टाकत वर आला. सकीनानं वाडगा खाली ठेवला.

"पिल्लांनी टाकलेलंच उचलत होते, पोरी," ती हळू म्हणाली. "आमच्या ह्यांना दात नाहीत. भिजलेलं बरं पडतं. कार्डावरची भाकरी आहे, असं सांगितलंय मी त्यांना. एवढं ओरडू नकोस, त्यांना ऐकू जाईल."

दसूकीनं ती परात उचलून इन्शिराहसमोर धरली.

"बघ नीट. हे माणसाचं जेवण आहे आणि तू ते चोचीपुढे टाकलंयस. चोचीचं जेवण मी कालव्याकाठी टाकतोय. चोर कोण, तू सांग!"

लाज कशी वाटते, ते इन्शिराहला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीवर गेली. दसूकीनं चाळणीतून कोंडा काढून दिला, तूस बाजूला ठेवलं. "ताजाच ने. चार दिवसांत खवट होतो, मग पिल्लं मरतात. भरडलेला मका जास्त, सोयाबीनची पेंड त्याच्या निम्मी, कोंडा आत्ता मूठभरच. पिल्लं वाढतील तसा वाढव." पहिल्या दिवशी पिल्लांनी तोंड लावलं नाही, तिसऱ्या दिवशी परात चाटूनपुसून साफ झाली. पाय फेंगडे पडलेली सात पिल्लं मात्र गेली. परदेशी गेलेल्या दिरांची नावं तिनं स्वतः कचेरीत जाऊन कार्डावरून काढून घेतली.

आणि रोज सकाळी आपल्या वाटच्या भाकऱ्यांतल्या दोन, गरम गरम, घेऊन ती सकीनाच्या दारी उभी राहू लागली. सकीना भाकरी घेई, दुधात भिजवी, नवऱ्याच्या ओठांशी नेई. बयूमी तोंड भिंतीकडे फिरवी.

"ऐकलं त्यांनी त्या दिवशी सगळं," सकीना एकदा म्हणाली. "पाणी पितात. भाकरीला तोंड उघडत नाहीत. तू येत जा, पोरी, मी खाईन. त्यांचं काही सांगता येत नाही."

इन्शिराहनं खाटेजवळ गुडघे टेकले, "चाचा, चूक माझी होती," म्हणाली, रडली. म्हाताऱ्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. पिल्लांचे पंख पुरते भरण्याआधीच तो गेला.

आज कफ्र नूहच्या बायका टोपल्या घेऊन गिरणीवर कोंड्याला जातात, आणि भट्टीवर शेवटच्या माणसालाही भाकरी मिळते. नव्या बाईला पिल्लांच्या खाण्याचं प्रमाण इन्शिराहच शिकवते. बंधुभगिनींनो, आपल्या घरी जे जनावराच्या पोटात जातं ते कुणा माणसाच्या तोंडचं तर नाही ना, एवढं पाहा. दाणा माणसाला, कोंडा पिल्लाला, ही वाटणी काही अवघड नाही. पण ती वेळेवर करा. इन्शिराहला ती जमली, बयूमी तेवढा उपाशी गेला.