खिशातला फ्यूज

मित्रांनो, मी चिनी मातीचा एक जुना फ्यूज आहे, मुठीत मावेन एवढा. ज्या भट्टीत भाजून निघालो ती आता आठवत नाही. आठवते ती एका लाँड्रीची मागची खोली. तिथल्या बोर्डावर मी एकोणीस वर्षं काढली. माझ्या पोटात सुतासारखी बारीक तार होती. इस्त्रीची आणि कपडे वाळवायच्या मशीनची वीज तिच्यातूनच जाई. भार झेपेनासा झाला की ती तार वितळे आणि वीज तुटे. स्वतः जळायचं आणि भिंतीतल्या वायरी वाचवायच्या, एवढंच माझं काम.

तार गेली की इस्त्रीवाला वैतागे. "मेला पुन्हा गेला! भावजी, एकदाची जाड तार घाला आणि सोडवा मला."

लाँड्रीचा वायरमन त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो हसून म्हणे, "हा जातो म्हणून तुझं दुकान राहतं, मेव्हण्या." आणि पहिल्याइतकीच बारीक तार भरे. माझं कौतुक करणारा तो एकटाच.

एके दुपारी मशीनमागची वायर उंदरांनी कुरतडलेली निघाली. वायरमनने मला बोर्डावरून उपसलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. फ्यूज आपल्यापाशी असला की वीज आपल्या मुठीत, असा त्याचा हिशेब. एरवी तो मेन स्विच बंद करून 'काम चालू' अशी पाटीही अडकवी. त्या दिवशी मात्र "पाच मिनिटांचं तर काम!" असं पुटपुटत तो तसाच मशीनमागे शिरला.

इस्त्रीवाला जेवून आला. इस्त्री थंडगार आणि गिऱ्हाईक दारात उभं. माझी जागा रिकामी पाहून त्याला वाटलं, भावजी तार भरायला मला घेऊन गेले. त्याने शेजारचा पंख्याचा फ्यूज काढला आणि माझ्या जागी दाबून बसवला.

मी खिशात होतो. कापडापलीकडे काळजाचे ठोके ऐकू येत होते. एकदम हिसका बसला, छाती लाकडासारखी ताठ झाली, आणि ठोके थांबले.

पंख्याचा फ्यूज शाबूत राहिला. मित्रांनो, माणूस मरायला इतकी थोडी वीज पुरते की आमची तार कोमटसुद्धा होत नाही. आम्ही वायरी वाचवतो, घरं वाचवतो. माणसाला लागलेला झटका आम्हाला कळतही नाही.

तिकडे इस्त्री तापली. इस्त्रीवाल्याने दोन शर्ट उरकले, मग हाक मारली, "भावजी, चहा सांगू का?"

काही दिवसांनी बहीण लाँड्रीत आली. तिने मला टेबलावर ठेवलं. "अरे, हे त्यांच्या खिशात निघालं. इथलंच ना?"

इस्त्रीवाल्याने मला हातात घेतलं. "ताई, तो दुसरा फ्यूज मी बसवला गं."

ती एवढंच म्हणाली, "बसवण्याआधी एक हाक मारायची होतीस रे."

ती गेली. त्यानंतर त्या बोर्डाला त्याने कधी हात लावला नाही.

मित्रांनो, तुम्हीही लावू नका; ते जाणत्या माणसाचं काम. पण घरात कुणी माझ्यात जाड तार भरू लागलं, तर अडवा. कुणी दुरुस्तीला बसलं, तर मेन बंद आहे ना, पाटी लावली ना, वायरीत वीज नाही हे तपासलं ना, ते विचारा. आणि फ्यूजची जागा रिकामी दिसली, तर मोठ्यांना आधी घरभर हाक मारायला सांगा. सगळ्यांची ओ आल्याशिवाय कुणालाही वीज सुरू करू देऊ नका.