नवापूरचा सिमेंटचा कोंबडा

सकाळी आठलाच चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या काखेत कोंबडी आणि मधोमध नगरपालिकेचा सिमेंटचा कोंबडा. गेल्या वर्षी तो बसवला तेव्हा गावाने त्याला बदक म्हणून हिणवलं होतं. आता त्याच बदकाच्या पायाशी नारळ फुटत होते.

ही करामत हिलाल महाराजांची. ते पुतळ्याला हळद फासायचे, डोळे मिटून पुटपुटायचे आणि कमंडलूतलं पाणी शिंपडायचे. लगेच हळद रक्तासारखी लाल! "देखा, तुमना कोंबडास्नी मानमोडी यानी आंगवर लिन्ही," पुतळ्याने रोग स्वतःवर ओढून घेतला असं सांगत महाराज प्रत्येक कोंबडीची चोच खाली साठलेल्या लाल पाण्यात बुडवायचे. आजारी काय, धडधाकट काय, पाणी एकच.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मानमोडीत कोंबडीची मान वाकडी होते, आणि एकीचा रोग दुसरीला लागतो. लस घ्या, कोंबड्या घरीच ठेवा, असं सांगून घसा बसला, पण ऐकतो कोण! माझ्या ओळखीच्या दलपतच्या शेडमध्ये तीनशे कोंबड्या होत्या, एकही आजारी नाही. तरी आधीच राखण असावी म्हणून त्याने दहा कोंबड्यांना ते पाणी पाजलं आणि परत शेडमध्ये सोडलं.

पाचव्या दिवशी त्याची बायको रूपीबाई चौकात आली. हातात धुण्याचा साबण आणि दलपतचा हळदीने माखलेला सदरा. तिने सदरा भिजवून साबण घासला. डाग लाल झाला. मग तोच साबण पुतळ्याच्या हळद फासलेल्या पायाला घासला. पायही लाल.

"महाराज, मन्हा साबणले कोनता मंतर येस?"

महाराजांनी कमंडलू मागे सरकवला. मी कमंडलू उपडा केला तर तळाशी चुना, पानाला लावतात तोच. वरची निवळी पाण्यासारखीच दिसते. चुना लागो की साबण, हळद लाल होते. धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. मलाही होतं, पण चौकात आठवलं नाही, याची लाज वाटते.

महाराजांनी काढता पाय घेतला. लोक हसले. दलपत हसला नाही. सकाळपासून त्याच्या शेडमध्ये माना वाकड्या व्हायला लागल्या होत्या.

"साहेब, मन्हाकडे एकबी आजारी नव्हती," तो म्हणाला. "रोग मीच घर लई गऊ ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तीनशेतल्या अकरा वाचल्या. बाबांनो, रंग पालटला म्हणून रोग पालटत नाही. चमत्कार दिसला की आधी एवढंच विचारा, हे आणखी कशाने होतं? आणि उत्तर मिळेपर्यंत कोंबड्या घरीच ठेवा.