एकदाही हलला नाही

मशीनमध्ये बाळ घालायचं म्हणजे माझ्या डोक्याला ताप. भूल द्यायची नाही, हा आमच्याकडचा नियम. पोटभर दूध पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कानांत बोळे घालायचे आणि झोपलं रे झोपलं की आत सरकवायचं. एमआरआय सुरू झाला की त्या ठणठणाटाने कार्टं हमखास जागं होतं, मान फिरवतं आणि मेंदूचा फोटो पुसट. पुन्हा पहिल्यापासून! मी तोंडाची फटकळ, नर्सला ऐकवतेच, "अजून चार घोट पाजले असते तर काय बिघडलं असतं?"

त्या दिवशीचं बाळ जन्मताना घुसमटलं होतं. नाळ आवळली गेली, प्राणवायू पोहोचला नाही. मेंदू वाचावा म्हणून आधी त्याला गार ठेवलं, मग हळूहळू ऊब दिली. इजा किती झाली, ते आता फोटोत कळायचं होतं. दूधही नळीनेच दिलं होतं, कारण ते चोखतच नव्हतं.

काचेपलीकडे मी आठ्या घालून बसले. मशीन दणादणा वाजायला लागलं. बाळ ढिम्म.

"झोपेचं औषध चालू आहे की काय?" मी नर्सला विचारलं.

"छे, ते केव्हाच बंद केलंय."

एकेक फोटो पडद्यावर आला, इतका रेखीव की वर्गात शिकवताना दाखवावा. मेंदूच्या मधोमध, दोन्ही बाजूंना, जिथे पांढरं असू नये तिथे पांढरंच पांढरं. इजा खोलवर गेली होती. हल की रे मेल्या, मी पुटपुटले. एकदा तरी माझं काम बिघडव.

बाहेर बाप उभा होता. निकाल सांगायचा तो डॉक्टरांनी, मला तोंड उघडायची मुभा नाही.

"त्रास नाही ना दिला, ताई?"

"नाही. हललासुद्धा नाही."

त्याचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. वरच्या मजल्यावर बायको टाके घेऊन पडली होती. तिला त्याने लगेच फोन लावला. "अगं, काय गुणाचं पोर आहे आपलं! एवढ्या आवाजात हूं की चूं नाही. थांब, ताईंकडूनच ऐक."

फोन माझ्या हातात आला.

"एकदाही हलला नाही?" तिने विचारलं.

"नाही."



"पोटात होता ना, तेव्हा दार आपटलं तरी लाथ मारायचा, ताई," ती म्हणाली.

बाप माझ्याकडे बघून हसत होता. फोन घ्यायला त्याने हात पुढे केला, पण माझ्याने तो देववेना.