हाक न मारता हजर होणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. कवितेतली नव्हे, संगणकाच्या प्रोग्राममधली! चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या एका कळसूत्री बाहुल्यांच्या नाट्यगृहात मी कामाला आहे, आणि माझा जन्म निव्वळ विसरभोळेपणातून झाला.

गडगडाट, चंद्रोदय, हिमवर्षाव अशा रंगमंचावरच्या प्रत्येक करामतीसाठी आमच्या प्रोग्राममध्ये एकेक फंक्शन आहे, म्हणजे ते काम करून देणाऱ्या सूचनांचा संच. पण पूर्वी नुसते फंक्शन लिहून भागत नसे. प्रोग्राम ज्यात पाहून करामत शोधतो, त्या हजेरीपटावरही त्याचे नाव हाताने चढवावे लागे. प्रोग्राम लिहिणारी वेंदुला जीव ओतून फंक्शन लिहायची आणि नाव चढवायला हमखास विसरायची. मग चंद्र उगवायचाच नाही. तिचा सहकारी राडिम विचारायचा, "वेंदुला, तुझ्याकडे रोजच अमावास्या कशी गं?"

वेंदुला आधी ज्या भाषेत लिहायची, तिथे फंक्शनच्या डोक्यावर एक खूण ठेवली की नाव आपोआप पटावर चढे. आमची भाषा निराळी. तिच्यात लिहिलेला प्रोग्राम आधी संपूर्णपणे यंत्राच्या भाषेत उतरवतात आणि मगच चालवतात. तिच्यात अशी खूण नाही. नसली तर नसली, आपण तिची नक्कल करू, म्हणून वेंदुला हट्टाला पेटली आणि मी जन्मले!

माझी युक्ती ऐका हं. प्रोग्रामचे मुख्य काम सुरू होण्याआधी एक इवलासा क्षण असतो. प्रोग्राम संपेपर्यंत टिकणाऱ्या वस्तू त्या क्षणी तयार होतात. मी प्रत्येक फंक्शनशेजारी अशीच एक चिमुकली वस्तू ठेवते. ती जागी होता होताच शेजाऱ्याचे नाव पटावर लिहून मोकळी! सुरुवातीला मी इतकी घाई केली की पटच तयार नव्हता आणि सगळा प्रोग्राम कोसळला. मग वेंदुलाने अशी सोय केली की जो पहिला येईल त्याच्यासाठी पट आपोआप उघडेल. तेव्हापासून पडदा वर जाण्याआधीच आमची हजेरी लागलेली असते. कुणाच्या हाकेची वाट पाहायची नाही, याचा मला केवढा अभिमान वाटायचा!

याचा सर्वांत जास्त आनंद मिलाडाबाईंना झाला. त्या रंगमंचाच्या प्रमुख. आयुष्यभर त्यांनी दोर ओढून बर्फ पाडला होता, पण आता त्यांचा खांदा वर जात नव्हता. माझ्यामुळे नुसता 'बर्फ' हा शब्द टाइप केला की काम होऊ लागले. नाट्यगृहाच्या संचालकांचा मात्र विश्वास बसेना. मिकुलाशच्या सणाच्या खेळात संगणक फसला तर पुन्हा दोर बांधू, ओढायला दणकट माणूस आणू आणि बाईंनी घरी बसावे, असे त्यांनी स्पष्ट सांगून टाकले.

मिकुलाश, म्हणजे देवदूत आणि सैतानाला घेऊन येणारा पांढऱ्या दाढीचा संत. त्याचा सण जवळ आला की इथे घरोघरी साफसफाई निघते. राडिमच्या बायकोने खिडक्या धुवायला काढल्या, तर राडिमने प्रोग्रामच आवरायला काढला. करामतींची सगळी फंक्शने त्याने माझ्या चिमुकल्या वस्तूंसकट गोळा केली आणि एका गाठोड्यात नीटनेटकी बांधली. प्रोग्राम तयार झाला. कुठेही एकाही चुकीची तक्रार नाही.

खेळाच्या सकाळी, शेवटच्या तालमीत मिलाडाबाईंनी 'बर्फ' असे टाइप केले. संगणकाच्या पडद्यावर उत्तर आले, अशी करामत माहीत नाही. गडगडाट नाही, चंद्र नाही, काहीच नाही. संचालकांनी माळ्यावरचे दोर उतरवायला सांगितले. बाई आपला डबा पिशवीत भरू लागल्या.

"मी एका अक्षराला हात लावलेला नाही," राडिम म्हणाला. "फक्त आवरलं."

"आवरलंस म्हणजे नेमकं काय केलंस?" वेंदुलाने विचारले.

त्याने गाठोड्याची गोष्ट सांगितली, आणि तिच्या लक्षात आले. सुटे तुकडे जोडून अखंड प्रोग्राम करणारा एक जण असतो, लिंकर. सुटा तुकडा हाती दिला तर तो जोडतोच. गाठोड्यातून मात्र ज्याला प्रोग्रामचा दुसरा एखादा तुकडा नावाने बोलावतो तेवढाच घेतो. आम्हाला कोण बोलावणार? बाई 'बर्फ' टाइप करतात ते फार नंतर, आणि तेव्हा प्रोग्राम फक्त पट पाहतो. न बोलावता येणे हाच तर आमचा बाणा! त्यामुळे आम्ही सगळे बिनकामाचे ठरून बाहेर राहिलो होतो.

वेंदुलाने लिंकरला बजावले की हे गाठोडे अख्खे घ्यायचे, कुणी बोलावो न बोलावो. प्रोग्राम पुन्हा तयार होईस्तोवर मुले बूट आपटत आत येऊन बसलीसुद्धा. पडदा वर गेला. मिकुलाशची बाहुली पुढे आली. मिलाडाबाईंनी टाइप केले, आणि बर्फ पडला! काय सांगू मित्रांनो, भुरभुर, दाट, थेट पहिल्या रांगेच्या टोप्यांवर! दोर आणणारा माणूस दोर खांद्यावर तसाच ठेवून बघत राहिला.

खेळानंतर बाईंनी वेंदुलाला काय बिघडले होते ते विचारले. सगळे ऐकून घेतल्यावर त्या हसल्या.

"म्हणजे ही माझ्यासारखीच की. टाळ्या बाहुल्यांना. मला तरी कोण हाक मारतं? पण मी नसले तर बर्फ नाही पडत."

संचालक दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकले. त्यांनी दोर पुन्हा माळ्यावर पाठवले आणि बाईंची पिशवी स्वतःच्या हाताने खुंटीला अडकवली.

वेंदुलाने माझ्या डोक्यावर एक टीप लिहिली आहे, 'हिला कुणी बोलावत नाही, म्हणून हिला काढू नये.' मित्रांनो, आवराआवर जरूर करा. पण ज्याला कुणी हाक मारत नाही, त्याला बाहेर ठेवण्याआधी त्याच्यावाचून काय थांबेल ते एकदा पाहा. बाईंची पिशवी अजून त्याच खुंटीला आहे.