उठता उठता सांगितलेलं

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे आणि सध्या माझा जीव टांगणीला लागला आहे. उद्या पाहणी समिती येणार आहे.

माझा जन्म कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. ख्वाजा मिस्त्रींनी मला घडवले, स्वतः वर बसून पाहिले आणि म्हणाले, "हालतंय जरा, पर मोडायचं न्हाय!" पुढे मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या टेबलाशेजारी उभे राहिले. पेशंट माझ्यावर बसत. नुजहत मॅडम शिकाऊ डॉक्टरांना सांगायच्या, "बसल्यावर पेशंट काय बोलतो ते ऐकाच, पण उठताना बोलतो ते जास्त ऐका. खरं दुखणं तेव्हा बाहेर येतं." हे ऐकले की मला आभाळ ठेंगणे व्हायचे.

मग महाविद्यालयाची कार्यक्षमता मोजायचे ठरले. तासाला किती पेशंट तपासले, याचा आकडा दाराशेजारच्या फळ्यावर लागू लागला. शिकवण्यात गेलेला वेळ वाया गेला असे धरले. बसलेला माणूस फार बोलतो, असा शोध कोणीतरी लावला आणि मला व्हरांड्यात काढले. आकडा भराभर वाढला, सगळ्यांना शाबासकी मिळाली. मॅडम कुरकुरल्या. मीही कुरकुरले, पण ते माझे नेहमीचेच, लक्ष कोण देतो?

व्हरांड्यात माझी झोप उडाली. उभ्या उभ्या तपासून बाहेर आलेली माणसे माझ्यावर टेकत आणि आत सांगायचे राहिलेले इथे बोलत. मी ऐकून काय करणार?

काल कुरुंदवाडच्या चिमणाबाई आल्या. अनुजा नावाच्या शिकाऊ डॉक्टरने त्यांना उभ्यानेच दोन प्रश्न विचारले आणि पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर येऊन त्या माझ्यावर बसल्या, घाम पुसला आणि सुनेला म्हणाल्या, "जिना चढलं की छातीतनं कळ निघतीया, पार जबड्यापतुर. त्ये सांगायचं ऱ्हायलंच की!"

"मग सांगायचं न्हाय व्हय, आत्या?"

"मागं एवढी माणसं हुबी. चल, गाडी चुकंल."

मी घाबरून गेले. असले दुखणे मी कितीदा ऐकले होते! मॅडमनी अशा पेशंटला जागचे हलू दिले नसते. चिमणाबाई उठू लागल्या, तशी मी सारे बळ एकवटून माझ्या जन्मापासून जरा आखूड असलेल्या पायावर कलले. करकर आवाज झाला, त्यांचा तोल गेला. दारात पुढच्या पेशंटला हाक मारणारी अनुजा धावत आली.

"डाक्टरीणबाई, ह्यांचं सांगायचं ऱ्हायलंय!" सून म्हणाली.

अनुजाने सगळे ऐकले आणि तिचा चेहरा उतरला. एका हाताने तिने चिमणाबाईंना धरले, दुसऱ्या हाताने मला उचलले आणि आम्हा दोघांना आत नेले. "ओ, आमचा नंबर हाय!" रांगेतून ओरडा झाला. तिने तिकडे पाहिलेही नाही. हृदयाचा आलेख काढला, मॅडम आल्या, धावपळ झाली. मोठा झटका येता येता टळला.

आज चिमणाबाई वॉर्डात पेज पीत आहेत. फळ्यावर कालचा घसरलेला आकडा लाल खडूने लिहिला आहे. एक बाई वाचली, हे लिहायला फळ्यावर जागाच नाही.

अनुजाने मला अजून बाहेर ठेवलेले नाही. उद्या फळ्यावरचे आकडे पाहायला येणाऱ्या समितीपुढे तिचे काय होईल आणि माझे काय होईल, कोण जाणे. मित्रांनो, मोजायचे ते खुशाल मोजा. पण आधी माणसाला बसू द्या, आणि तो उठत असताना पुढच्याला हाक मारू नका.