नायकाचा नंबर

बंजारा तांड्याचा प्रमुख, बाबूसिंग नायक, वारंगा फाट्यावर जीपमधून उतरला, तेव्हा त्याच्या गुडघ्यांनी त्याच्याआधी तक्रार केली. निराधार योजनेच्या अर्जांसाठी तांड्यावरून इथं यायची ही त्याची अकरावी खेप. दोन हजार आठ साली सरकारनं हे अर्ज कॉम्प्युटरवर आणले आणि आता हेलपाटे वाचतील असं सांगितलं. हेलपाटे वाचले खरे, पण ते सरकारचे.

तांड्यावरच्या सव्वीस विधवा आणि म्हाताऱ्यांचे अर्ज त्यानं दिवाळीआधी भरून दिले होते. सव्वीस पावत्याही मिळाल्या होत्या. आता होळी तोंडावर आली आणि निराधारचा महिन्याचा पगार सुरू झाला तो एकट्या द्वारकाबाईचा. द्वारकाबाई म्हणजे त्याची सख्खी भावजय! लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण ना लेक ना जावई अशी एकटी मिराबाई परवा त्याला बघून आत गेली आणि दार लोटून घेतलं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बाबूसिंगला बरं वाटलं असतं.

फाट्यावरच्या अर्ज भरायच्या केंद्रात योगेश ऑपरेटरच्या शेजारी एक पोरगी बसली होती. रुपा तिचं नाव. अर्ज का अडकतात ते शोधायला पुण्याच्या एका संस्थेनं तिला पाठवलं होतं.

"काका, मी जास्त काही विचारणार नाही. तुम्ही अर्ज कसा भरता ते फक्त बसून बघणार," ती म्हणाली.

"नुसतं बसून बघायचा पगार भेटते? आमच्या तांड्यात असे लई हायेत."

रुपा मनापासून हसली. बाबूसिंगला मात्र हसायचाही कंटाळा आला होता. त्यानं मिराबाईचा अर्ज पहिल्यापासून सांगायला घेतला आणि योगेश बटणं दाबत गेला. नाव झालं, वय झालं, मोबाईलचा रकाना आला. बाबूसिंगनं दहा आकडे घडाघडा म्हटले.

रुपानं वहीतून मान वर काढली. "हा नंबर मिराबाईंचा?"

"माझा. तांड्यात मोबाईल एकच हाय. अन् धा असते तरी हाच दिला असता. तांड्याचं सरकारी काम नायकाच्या हातून जाते, बाई. माझ्या बापाच्या टायमापासून."

"सगळ्या अर्जांना हाच दिला?"

"व्हय. काहून?"

तिनं त्याचा मोबाईल मागून घेतला. आत मेसेज होते, एकाखाली एक, सगळे इंग्रजीत. ती वाचत गेली तसा तिचा चेहरा उजळत गेला.

"सापडलं! एका नंबरावर एकच अर्ज चालतो, काका. पावती सगळ्यांना मिळते, पण पहिला अर्ज ठेवून बाकीचे कॉम्प्युटर नंतर बाद करतो. तसे पंचवीस मेसेज आलेत तुम्हाला. दाखवले नाहीत कुणाला?"

"जाहिराती असतील म्हणलं." खरं कारण वेगळं होतं. मोबाईल वाचून घ्यायला शाळेतल्या पोरांपुढं उभं राहणं नायकाला शोभलं नसतं.

"आणि पहिला अर्ज कुणाचा होता?"

"माझ्या भावजयीचा," बाबूसिंग म्हणाला. नायकाच्या घरचा अंगठा उठल्याशिवाय तांडा कागदाला हात लावत नाही. म्हणून तर त्यानं द्वारकाबाईला सगळ्यांच्या आधी इथं आणून खुर्चीवर बसवलं होतं; बाकीच्यांचे अंगठे मग तांड्यावरच कागदावर घेतले होते. बाकीच्यांची भीती मोडावी एवढाच त्याचा हेतू होता.

"चूक तुमची नाही, फॉर्मची आहे," रुपा भराभर लिहीत म्हणाली. "ज्यानं बनवला त्यानं तांडा पाहिलाच नाही. नंबरची सक्ती काढा असं मी लिहिते. तेवढे अर्ज मात्र परत भरावे लागतील."

पोरगी गुणाची होती आणि तिला झालेला आनंदही खरा होता. त्या आनंदाकडं बघून बाबूसिंगला रडू येत होतं.

परतीच्या जीपमध्ये एक सोपी वाट त्याला दिसली. कॉम्प्युटर बिघडला होता, असं सांगून टाकावं. कुणीही विश्वास ठेवला असता. कळमनुरीपर्यंत पोचेतो त्यानं ते वाक्य मनात घोळवलं आणि मग त्याला त्या वाक्याचाही शीण आला.

संध्याकाळी सेवालाल महाराजांच्या देवळापुढं तांडा जमला. बाबूसिंग उभा राहिला. "तुमचे अर्ज माझ्या नंबरापायी पडले. मेसेज आलते, मला वाचता आले न्हाईत. अन् लाजेपायी मी कुणाला दाखवले न्हाईत."

कुणी ओरडलं नाही. मिराबाई म्हणाली, "पाच महिने तुला मनात रोज शिव्या दिल्या, नायक."

"आता तोंडावर दे."

"आता काहून?" ती म्हणाली आणि उठून घरी गेली. तिच्या मागोमाग एकेक जण उठला.

दोन महिन्यांनी रुपाचा फोन आला. नंबरची सक्ती निघाली होती. ज्याचा अर्ज त्यानं स्वतः यायचं, रेशनकार्ड दाखवायचं आणि अंगठा द्यायचा.

दुसऱ्या दिवशी बाबूसिंगनं धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला आणि दारात बाजेवर बसून राहिला. कचेरीत जाणाऱ्यानं आधी नायकाच्या दारात थांबायचं, मग नायकानं पुढं चालायचं, अशी रीत होती. बाया आल्या. पुढं द्वारकाबाई होती, कारण तिनं केंद्र पाहिलेलं होतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण ती थांबली नाही. मिराबाई तेवढी दारापाशी रेंगाळली.

"येऊ का संगं?" बाबूसिंगनं विचारलं.

"कशाला तकलीफ घेतो? तुझं काम न्हाई पडत आता तिथं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच त्याची कीव आली होती.

"बराबर हाय," तो म्हणाला.

द्वारकाबाई आणि पंचवीसच्या पंचवीस बाया-माणसं जीपमध्ये आणि जीपच्या टपावर बसून फाट्याकडं गेली. बाबूसिंगला हवं होतं तेच झालं होतं. तरी जीपचा आवाज विरल्यावर कितीतरी वेळ त्याच्यानं डोक्यावरचा फेटा सोडवेना.