अर्धा जबडा

बसस्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘भोंगा’ म्हणायचे आणि त्यालाही त्या नावाची घमेंड होती. त्याच्या खालच्या जबड्यात कर्करोग निघाला, तेव्हा साथ ऐन भरात होती.

त्याची सर्जन कापलेले चेहरे पुन्हा उभे करण्यात तरबेज होती. एरवी तिनं त्याच्या पायातलं हाड काढून नवा जबडा घडवला असता. पण ते दिवसभराचं काम. बारीक रक्तवाहिन्या भिंगाखाली जोडायच्या आणि नंतर अतिदक्षता विभागात खाट हवी. त्या सगळ्या खाटांवर आता धापा टाकणारी माणसं होती.

“हाडाचा नाद सोड,” विभागप्रमुख म्हणाले. “छातीचा स्नायू वर फिरव, जागा बुजव आणि दुपारपर्यंत बाहेर ये. तोंड जितका वेळ उघडं, तितका सगळ्यांच्या जिवाला घोर.”

तिला उलट बोलता येईना. विषाणूचा मुक्काम नाकाघशात आणि तिचं कामही तिथलंच. तिचा एक वर्गमित्र असंच ऑपरेशन करून आजारी पडला आणि हां हां म्हणता गेला. शेवटचं बघायलाही मिळालं नाही.

तिनं भोंग्याला खाटेपासून दूर उभं राहून सगळं सांगितलं.

“बोलता येईल ना, मॅडम?”

“येईल, पण शब्द स्पष्ट उमटणार नाहीत. चेहरा एका बाजूला झुकेल.”

“मग थांबू या की. साथ गेल्यावर झकास नवा जबडा बसवा.”

“तुमचा रोग थांबायचा नाही हो.”

“म्हणजे प्रवाशांच्या कानांची एकदाची सुटका,” तो म्हणाला आणि एकटाच हसला.

त्याच्या विषाणूच्या दोन्ही तपासण्या निर्दोष आल्या, तरी कुणी गाफील राहिलं नाही. ऑपरेशनच्या खोलीतून गरज नसलेली माणसं बाहेर काढली. अंगभर पोशाखात घाम निथळत होता. श्वासनलिकेला छेद द्यायच्या आधी विषाणू बाहेर उडू नये म्हणून भूलतज्ज्ञानं श्वास देणाऱ्या यंत्राचा वारा थांबवला. “बंद केलाय. आता उरक.” सगळ्यांनीच श्वास रोखला. तिनं छेद दिला, नळी सरकवली, तिचा फुगा फुगवला. मग वारा पुन्हा सुरू झाला.

रोगट हाड निघालं. त्या खळग्यात तिनं छातीचं मांस आणून शिवलं. टाके सुबक पडले. काम चोख झालं आणि पुढे चमूतलं कुणीही आजारी पडलं नाही. सगळे वाहवा करत होते. तिला मात्र घरी घास गोड लागेना.

नळी निघाली, जखम भरली, तेव्हाही नातेवाइकांना आत मज्जाव होता. नर्सनं आपला फोन स्पीकरवर लावून त्याच्यापुढे धरला. सर्जन तिथंच उभी होती.

“ई ओलतोय,” तो म्हणाला. खालचा ओठ मिटत नव्हता.

“कोण?” बायकोचा आवाज आला.

“ई... ई ओलतोय गं!”

“राँग नंबर,” म्हणून तिनं फोन ठेवला.

तो रडला नाही. ओठावरून ओघळणारी लाळ त्यानं टॉवेलनं पुसली. सर्जननं स्वतः पुन्हा नंबर लावला. “वहिनी, आत्ताचा फोन तुमच्या मिस्टरांचाच होता.”

पलीकडे बाईनं हंबरडा फोडला. “द्या, द्या हो त्यांना!” सर्जननं फोन पुढे केला, पण तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

साथ ओसरल्यावर तिनं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. नवराबायको आले. त्याला आता पार्सलच्या खोलीत काम दिलं होतं.

“आता हाड बसवता येईल. बोलणं बरंच सुधारेल,” ती म्हणाली.

तो काहीतरी पुटपुटला. “नको म्हणतात,” बायकोनं सांगितलं. “पुन्हा तिथं एकटं पडायचं नाही.”

“आता तुम्हाला सोबत राहता येईल.”

त्यानं नकारार्थी मान हलवली. “राहू द्या, मॅडम,” बायको म्हणाली. “मला कळतं आता त्यांचं सगळं.”

दाराशी तो वळून पुन्हा काही बोलला.

“काय म्हणालात?” बायकोनं विचारलं. त्यानं परत सांगितलं. “अं? काय?”

त्यानं ‘जाऊ दे’ असा हात केला आणि बाहेर पडला. बायकोनं सर्जनकडे पाहिलं. सर्जनलाही काही कळलं नव्हतं.